खरे की खोटे?

टेंभी नाक्यावरच्या नवरात्रोत्सवाची ओळख ठाणेकरांना करून द्यायला नको. आनंद दिघे यांनी सुरू केलेल्या या उत्सवाच्या नऊ रात्री नाक्यावर पाऊल ठेवायला जागा नसते. बांबू, कापड, प्लायवूड आणि रंग यांतून एखाद्या प्रसिद्ध मंदिराची प्रतिकृती तेथे उभी राहते, आणि दिव्यांच्या झोतात ती पाहणाऱ्याला क्षणभर वाटते की हा दगड शेकडो वर्षे येथेच उभा असावा. काही वर्षांपूर्वी अशाच एका संध्याकाळी त्या बाजूला राहणाऱ्या एका आजारी आजोबांना पवित्र कम्युनियन देऊन आम्ही परतत होतो. त्यांचा आठ-नऊ वर्षांचा नातू आम्हांला गर्दीतून वाट काढून देण्यासाठी बरोबर आला होता. मंडपाच्या एका खांबाजवळ तो थबकला. त्याने हळूच बोट लावून पाहिले. दगड हलला, कारण तो कापडाचा होता. मुलाने आमच्याकडे पाहून विचारले, "फादर, हे खरं की खोटं?"

आम्ही घाईत होतो. "खोटं रे बाळा, कापडाचं आहे," असे सांगून मोकळे झालो. तो दोन पावले चालला आणि म्हणाला, "मग सगळ्यांना इतकं आवडतं कसं? खोटं कुणाला आवडतं का?"

सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान शिकलो, ईशज्ञान शिकलो, परीक्षाही दिल्या. परंतु नाक्यावरच्या त्या गर्दीत आम्हांला उत्तर सुचले नाही. मुलगा हात हलवून परत गेला. प्रश्न मात्र आमच्याबरोबर आला आणि अजून गेलेला नाही. वाचकहो, तो प्रश्न केवळ मंडपाचा नाही. नाटक, कथा, चित्र, चित्रपट या सर्वांचाच तो प्रश्न आहे. आणि पुढे आम्ही जे सांगणार आहोत त्यावरून आपल्या ध्यानात येईल की तो आमच्या एका चुकीचाही प्रश्न आहे.

प्रथम शब्दांचा उलगडा करू. असत्य म्हणजे काय, याचा विचार संत ऑगस्टीन यांनी सोळाशे वर्षांपूर्वी एक स्वतंत्र ग्रंथ लिहून केला. मनात एक आणि ओठांवर दुसरे असणे, आणि त्यामागे फसविण्याचा हेतू असणे, हे त्यांना असत्याचे मर्म वाटले. या कसोटीवर आमचे त्या मुलाला दिलेले उत्तर चुकीचे ठरते. मंडपाचा कारागीर कोणालाही फसवीत नाही. हे कापड आहे, हे त्यालाही ठाऊक असते आणि पाहणाऱ्यालाही. दोघेही जाणूनबुजून एका कल्पनेत सहभागी होतात. कल्पित आणि खोटे हे दोन वेगळे शब्द आहेत, कारण त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आम्हां ख्रिस्ती माणसांना तर हे सर्वांआधी कळायला हवे. आपल्या प्रभूने स्वर्गराज्याची शिकवण कशातून दिली? दाखल्यांतून. वडिलांकडून वाटणी घेऊन परदेशी गेलेला तो धाकटा मुलगा कोणत्या गावचा होता, असे कोणी विचारीत नाही. तो कोठेच राहत नव्हता. तरीही गेली दोन हजार वर्षे प्रत्येक घरातल्या बापाने आणि मुलाने त्याला ओळखले आहे. यरुशलेमहून यरीहोला उतरणारा तो जखमी वाटसरू कोणत्याही दप्तरात सापडणार नाही. परंतु त्याला टाळून पलीकडच्या बाजूने निघून जाणारा याजक आम्हां धर्मगुरूंना आरशात रोज दिसतो.

जुन्या करारातील दाविदाची कथाही आठवावी. बथशेबेचा मोह आणि उरीयाचा घात, दोन्ही करून राजा शांतपणे सिंहासनावर बसला होता. नाथान संदेष्ट्याने त्याच्यासमोर जाऊन आरोपपत्र वाचले असते तर त्याला बहुधा बाहेर काढले गेले असते. त्याने एक गोष्ट सांगितली. एका श्रीमंताची, एका गरिबाची आणि गरिबाने लेकीसारख्या वाढविलेल्या एका कोकराची. ऐकता ऐकता राजा संतापला आणि त्या कल्पित श्रीमंताला त्याने शिक्षाही ठोठावली. तेव्हा नाथानाने सांगितले की तो माणूस तूच आहेस. जे सत्य सरळ वाटेने राजाच्या दारात शिरू शकत नव्हते ते गोष्टीच्या वाटेने थेट काळजात शिरले. कलेचे सामर्थ्य ते हेच, आणि कलेची भीती वाटते तीही याचसाठी.

टेंभी नाक्यावरून तलावपाळीकडे चालत आले की मासुंदा तलावाच्या काठी संत जॉन द बॅप्टिस्ट यांचे मंदिर लागते आणि त्याच तलावाच्या काठी १९७८ साली उभे राहिलेले राम गणेश गडकरी रंगायतन. मंदिर आणि नाट्यगृह एकाच पाण्यात आपले प्रतिबिंब पाहतात, याचा आम्हांला नेहमी आनंद वाटत आला आहे. ज्यांच्या नावाने ते नाट्यगृह आहे त्या गडकऱ्यांना आयुष्य लाभले अवघे तेहेतीस वर्षांचे. १८८५ साली नवसारीला जन्म, १९१९ च्या जानेवारीत सावनेरला मृत्यू. त्यांचे 'एकच प्याला' हे नाटक रंगमंचावर आले ते त्यांच्या मृत्यूनंतर, त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत. गंधर्व नाटक मंडळीने ते केले आणि बालगंधर्वांची सिंधू पाहून महाराष्ट्र रडला.

त्या नाटकातला सुधाकर दुष्ट नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. तो बुद्धिमान वकील आहे, प्रेमळ पती आहे, आणि मानी आहे. न्यायालयात त्याचा अपमान होतो, सनद काही काळासाठी रद्द होते, आणि त्या दुखावलेल्या मनापुढे तळीराम पेला धरतो. दुःख विसरण्यासाठी, एकदाच. त्या एका पेल्यातून संसार बुडतो, मूल जाते, दळणकांडण करून घर चालविणारी सिंधू जाते आणि शेवटी सुधाकरही जातो. दारू वाईट आहे, हे सांगण्यासाठी नाटकाची गरज नव्हती. ते प्रवचनातूनही सांगता येते आणि आम्ही ते पुष्कळदा सांगितले आहे. गडकऱ्यांनी दाखविले ते निराळे. चांगला माणूस आपल्या चांगुलपणाच्या जखमेतूनच कसा घसरतो, पहिल्या पायरीवर त्याचे स्वातंत्र्य किती असते आणि शेवटच्या पायरीवर ते किती उरते, हे त्यांनी दाखविले. आदिपापाची शिकवण आम्ही सेमिनरीत लॅटिन संज्ञांसह शिकलो. मनुष्यस्वभावाची ती उतरण डोळ्यांनी पाहिली ती मात्र नाटकाच्या पडद्यापुढे. सुधाकर नावाचा वकील कधी जन्मला नाही, आणि तरीही तो खरा आहे. किती घरांत तो खरा आहे, हे धर्मगुरूंना ठाऊक असते.

आता आमच्या चुकीकडे येतो. पुष्कळ वर्षांपूर्वी आम्ही एका धर्मग्रामात सेवेस होतो. सणाच्या कार्यक्रमासाठी तेथील तरुणांनी स्वतः एक नाटिका लिहिली. तिचा नायक चर्चमधला मानाचा माणूस होता. साक्रामेंताच्या मिरवणुकीत छत्र धरणारा, वर्गणीच्या यादीत पहिले नाव असणारा. आणि रात्री दार लावल्यावर पिऊन बायकोवर हात उचलणारा. तालीम पाहून आम्ही अस्वस्थ झालो, परंतु काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी काही ज्येष्ठ मंडळी भेटायला आली. सणाच्या दिवशी हे कशाला, बाहेरचे पाहुणे येणार, इतर समाजाचे लोक आपल्याबद्दल काय म्हणतील, असे त्यांचे म्हणणे पडले. कोणी म्हणाले की हे असत्य आहे, आपल्या धर्मग्रामात असा माणूसच नाही. आम्ही तरुणांना बोलावले आणि तो भाग काढून टाकण्यास सांगितले. ते ऐकणारे होते, त्यांनी ऐकले. सणाच्या दिवशी दोन नोकर आणि एक विसराळू शेठ यांचे प्रहसन झाले. सर्वजण खूप हसले. आम्हीही हसलो.

त्यानंतर काही महिन्यांनी धर्मग्रामातील एक भगिनी आमच्या कार्यालयात आल्या. पापनिवेदनासाठी नव्हे, बोलण्यासाठी. (त्यांच्या संमतीनेच हे लिहीत आहोत आणि ओळख पटेल असे काहीही येथे ठेवलेले नाही.) त्यांनी आपल्या घरची हकीकत सांगितली. ती जवळजवळ त्या नाटिकेचीच हकीकत होती, आणि तरुणांना तिची काहीच कल्पना नव्हती. उठताना त्या म्हणाल्या, "फादर, ते नाटक होणार असं ऐकलं तेव्हा वाटलं होतं, निदान कुणाला तरी ठाऊक आहे. मग ते झालंच नाही. तेव्हा वाटलं, सगळ्यांना ठाऊक आहे आणि कुणाला बघायचं नाही."

या वाक्यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते. आजही नाही. आम्ही समजत होतो की आम्ही सणाचे पावित्र्य राखले. वस्तुतः आम्ही एका असत्याला पहारा दिला होता. कल्पित नाटक खरे होते; आणि आमची नीटनेटकी, हसरी, पाहुण्यांसमोर मांडलेली संध्याकाळ, जिच्यात बसलेली प्रत्येक व्यक्ती हाडामांसाची होती, तीच खोटी होती. कारण फसविण्याचा हेतू तेथे होता. संत ऑगस्टीन यांची कसोटी आम्हांलाच लागू पडली.

म्हणून कलेच्या स्वातंत्र्याचा विषय निघाला की आम्ही तो दुसऱ्यांच्या असहिष्णुतेपासून सुरू करीत नाही. तथापि तो तेथे थांबतही नाही. ज्या गडकऱ्यांचे नाव ठाण्याने नाट्यगृहाला दिले, त्यांचाच पुण्याच्या संभाजी उद्यानातील पुतळा ३ जानेवारी २०१७ रोजी काही जणांनी उखडून मुठा नदीत फेकला. 'राजसंन्यास' या त्यांच्या अपुऱ्या राहिलेल्या नाटकात छत्रपती संभाजी महाराजांचे चित्रण अवमानकारक आहे, हा आक्षेप होता. त्या आक्षेपात तथ्य नव्हते असे आम्ही म्हणणार नाही. संभाजी महाराजांची विलासी, बेजबाबदार राजा ही प्रतिमा अनेक बखरींनी आणि नाटकांनी दीर्घकाळ जोपासली, आणि ती एकांगी होती. परंतु ती प्रतिमा बदलली कशी? वा. सी. बेंद्रे यांच्यासारख्या संशोधकाने वर्षानुवर्षे कागदपत्रे धुंडाळली आणि १९६० साली महाराजांचे साधार चरित्र प्रसिद्ध केले. अपुऱ्या सत्याला उत्तर मिळाले ते अधिक पुऱ्या सत्याने. पुतळा नदीत टाकल्याने इतिहासाच्या ज्ञानात एका ओळीचीही भर पडली नाही.

आपल्या ख्रिस्तसभेच्या इतिहासातही असे प्रसंग आहेत, ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. १५७३ साली व्हेनिसमध्ये पावलो व्हेरोनेसे या चित्रकाराला धर्मन्यायालयापुढे उभे करण्यात आले. त्याने एका मठाच्या भोजनगृहासाठी प्रभूच्या अखेरच्या भोजनाचे भव्य चित्र काढले होते आणि त्यात विदूषक, मद्यपी शिपाई, नाकातून रक्त येणारा नोकर, असली माणसे भरली होती. पवित्र भोजनात यांचे काय काम, असा प्रश्न त्याला विचारला गेला. कवींना आणि वेड्यांना जी मोकळीक असते ती आम्ही चित्रकारही घेतो, अशा अर्थाचे उत्तर त्याने दिले. चित्रात सुधारणा करण्याचा हुकूम झाला. व्हेरोनेसेने विदूषक आणि मद्यपी जागच्या जागी ठेवले आणि चित्राचे फक्त नाव बदलले : लेवीच्या घरची मेजवानी. लूकचे शुभवर्तमान वाचणाऱ्याला यातली गंमत कळेल. लेवीच्या घरी प्रभू जकातदारांच्या आणि पापी लोकांच्या पंक्तीला बसले, आणि कुरकूर केली ती धर्मशील परूश्यांनी. न्यायाधीशांना जी माणसे चित्रात नको होती, त्यांच्यासाठीच तर प्रभू आले होते. आमच्या नाटिकेतल्या त्या छत्र धरणाऱ्या माणसासाठीही ते आले होते; आम्ही मात्र त्याला पंक्तीतून उठविले, कारण त्याच्यामुळे पंगत बिघडत होती.

ख्रिस्तसभा या बाबतीत शिकत आली आहे, आणि शिकणे ही कमीपणाची गोष्ट नव्हे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली धर्मस्वातंत्र्याचा पाया माणसाच्या प्रतिष्ठेत आहे असे शिकविले, आणि आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या दस्तऐवजात साहित्य आणि कला मनुष्याचा स्वभाव, त्याची दुःखे आणि त्याची धडपड समजून घेऊ पाहतात, म्हणून त्यांना मानाचे स्थान दिले. निषिद्ध ग्रंथांची चारशे वर्षे चालत आलेली यादी १९६६ साली कायद्याच्या रूपात संपुष्टात आली. पुढे १९९९ च्या पुनरुत्थानाच्या सणाला पोप जॉन पॉल दुसरे यांनी जगातील कलावंतांना एक पत्र लिहिले. ते पत्र लिहिणारा स्वतः नाटककार होता. नाझींच्या अमलाखाली क्राकोव शहरात पोलिश नाटकाला बंदी असताना, तरुण कारोल वोयतिवा आपल्या मित्रांबरोबर घरांच्या बंद खोल्यांत, रंगभूषेवाचून, जवळजवळ केवळ शब्दांच्या बळावर नाटके करीत असे. पकडले गेले असते तर छळछावणी होती. गुलाम झालेल्या देशात सत्य शब्दाला जिवंत ठेवणे हेच तेव्हा त्यांचे स्वातंत्र्य होते.

तरीही शिकलेले विसरायला वेळ लागत नाही. २००६ साली 'द दा विंची कोड' हा चित्रपट आला तेव्हा मुंबईत आपल्यापैकी काहींनी निदर्शने केली, बंदीची मागणी केली. चित्रपट अखेर कल्पित असल्याची सूचना जोडून प्रौढांसाठी प्रदर्शित झाला. आमच्या श्रद्धेवर चिखल उडाला, हे दुःख खरे होते. परंतु त्या गडबडीत शुभवर्तमाने केव्हा आणि कशी लिहिली गेली हे आपल्या तरुणांना समजावून देण्याची संधी आपण किती ठिकाणी घेतली? नंतर २०१९ साली आपले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी निवड झाली, तेव्हा एका ख्रिस्ती धर्मगुरूला तो मान का, म्हणून विरोध झाला, धमक्याही आल्या. आपण सर्वजण व्यथित झालो. मराठी साहित्यिकांपैकी पुष्कळांनी त्यांची बाजू घेतली आणि जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या व्यासपीठावरून ते बोलले. ते आता आपल्यात नाहीत. २०२४ साली ते गेले. दुसऱ्याच्या शब्दाला मागितलेली बंदी आणि आपल्या शब्दावर आलेली धमकी, या दोन गोष्टी एकाच तागडीत तोलून पाहण्याचे धैर्य आपल्यात असावे, असे त्यांच्या आठवणीने वाटते.

मग कलावंताला कोणतेच बंधन नाही काय? आहे, आणि ते बाहेरच्या बंधनापेक्षा कठीण आहे. सत्यापासून सुटका म्हणजे स्वातंत्र्य नव्हे; सत्याकडे जाण्याची मोकळीक म्हणजे स्वातंत्र्य. जो लेखक केवळ खप वाढावा म्हणून एखाद्या समाजाला डिवचतो, जो माणसाचे शरीर विकायला मांडतो, जो दुबळ्याची थट्टा करून बलवानांना हसवितो, तोही सत्याशी प्रतारणाच करतो. आणि त्याला तसे स्पष्ट सांगण्याचे स्वातंत्र्य आपल्यालाही आहे. नाथानाची गोष्ट दाविदाचा सूड घेण्यासाठी नव्हती, त्याला परत आणण्यासाठी होती. ती सांगताना नाथानाने स्वतःचा जीव धोक्यात घातला, दुसऱ्याचा नव्हे. एखादी कलाकृती दुखविते, एवढ्यावरून ती वाईट ठरत नाही, वैद्यही दुखवितो. ती कोणाच्या बाजूने उभी राहून दुखविते, हे पाहावे.

आणि बंधन केवळ कलावंतावर नाही, प्रेक्षकावरही आहे. नाटक पाहताना, कथा वाचताना, मनात हमखास शेजारच्या कोणाचे तरी नाव येते. दाविदालाही प्रथम दुसऱ्याच कोणाचा तरी राग आला होता. आपले नाव घेणे फार कठीण असते. परंतु त्याखेरीज कला पाहिली असे होत नाही, केवळ वेळ गेला असे होते. शुभवर्तमानकारांनी पेत्राचा नाकार लपविला नाही. मत्तयाने प्रभूच्या वंशावळीतून राहाबेचे नाव वगळले नाही, आणि उरीयाच्या पत्नीचा उल्लेख असा केला की वाचणाऱ्याला सारे आठवावे. जो धर्म आपल्या पहिल्या पानावर आपल्या पूर्वजांची पापे लिहून ठेवतो त्याला नाटकाची भीती का वाटावी?

त्या भगिनींच्या घरी पुढे काय झाले, हे सांगण्याचा अधिकार आमचा नाही. एवढेच सांगतो की नंतर त्या एकट्या राहिल्या नाहीत. धर्मग्रामातील दोन-तीन स्त्रिया त्यांच्या पाठीशी उभ्या राहिल्या, आणि आम्ही त्यांच्या मागे. ज्या तरुणांची नाटिका आम्ही थांबविली होती त्यांची आम्ही क्षमा मागितली. त्यांपैकी एकाने विचारले, "मग फादर, पुढच्या सणाला करू का?" आम्ही होय म्हणालो. ती झाली. त्या वेळी लोक हसले नाहीत. आणि प्रयोग संपल्यावर बराच वेळ कोणी खुर्चीवरून उठले नाही.

टेंभी नाक्यावरचा मंडप दरवर्षी उतरविला जातो. बांबू सुटतात, कापडाच्या घड्या होतात आणि रस्ता पुन्हा रिक्षांचा होतो. तो मुलगा आता मोठा झाला असेल. तो पुन्हा भेटला तर या वेळी आम्ही घाई करणार नाही. त्याला सांगू, "बाळा, ते कापडाचं होतं, पण खोटं नव्हतं. खोटं कसं असतं ते मी एकदा केलं आहे, बस, सांगतो."